पाहुण्यांसमोर मरणारी चिप

०.९० व्होल्ट

चिप तिसऱ्यांदा मेली, तीही पाहुण्यांसमोर. मरताना तिनं स्पीकरमधून असा काही चीत्कार केला की अलेक्झांड्रियाहून आलेल्या गृहस्थांनी पुदिन्याचा चहा आपल्याच टायवर ओतून घेतला.

गृहस्थ कानाच्या मशीनचे कारखानदार होते आणि चिप त्या मशीनसाठीच होती. वाटाण्याएवढ्या बॅटरीवर जास्तीत जास्त दिवस काढायचे, हे तिचं काम. टाय पुसत, "इन्शाअल्ला, बघू पुढं," म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले. ते 'इन्शाअल्ला' ज्या सुरात आलं, तो सूर कैरोत शेंबड्या पोरालाही कळतो. त्याचा अर्थ 'नाही'.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'साकिया' कंपनीचे मालक दोक्तोर रागेब यांनी वकिलाला बोलावलं.

उस्ताद बिशबीशी कैरोच्या मआदी भागात चाळीस वर्षं वकिली करत होते आणि त्यातली बहुतेक एकाच विषयात गेली होती: वरच्या मजल्याचं पाणी खालच्या मजल्यावर गळणे. पोट मोठं, आवाज बारीक, खिशात कायम खारवलेल्या भोपळ्याच्या बिया.

"दोक्तोर, मला चिपमधलं ओ की ठो कळत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"उत्तम! ज्यांना कळतं ते सगळे संशयित आहेत." दोक्तोर रागेब उंच, वाळलेले, पूर्वी विद्यापीठात शिकवणारे, अजूनही समोर फळा असल्यासारखे बोलत. "घातपात आहे हा, उस्ताद. एरवी चिप दिवसदिवस चालते. पाहुणे आले की मरते. आणि काळजी म्हणाल तर मी स्वतः जातीनं घेतो. पाहुणे यायच्या आधी टेबलावरचा पसारा हलवतो, एसी पूर्ण सोडतो, आणि सासूबाईंनी गोठवून दिलेल्या मुलुखियाचं पाकीट फडक्यात गुंडाळून अर्धा तास तिच्या डोक्यावर ठेवतो. पाहुणे दारात आले की मगच उचलतो आणि चिप चालू करतो. माणसाच्या तापालासुद्धा कुणी इतकं करत नाही!"

"अल्ला तुमच्या सासूबाईंना आयुष्य देवो," बिशबीशी म्हणाले. मुलुखियाची पातळ भाजी त्यांना जीव की प्राण होती. "संशय कुणावर?"

"सुहैला झहरान. चिपमधला मापक तिनं बनवलाय. उद्या, गुरुवारी, चिपचा शेवटचा आराखडा तैवानला जायचाय. तुम्ही दुसरं नाव दिलं नाहीत, तर मापक आराखड्यातून बाहेर, आणि सुहैलाचा करार उद्याच संपतोय, तो संपलेलाच राहील."

"अलेक्झांड्रियावाले?"

दोक्तोरांचा आवाज खाली आला. "त्यांना मी हातापाया पडून उद्या पुन्हा फोनवर धरणार आहे. कारण सापडलं असं सांगता आलं पाहिजे. कुठलंही कारण."

"कुठलंही नको," बिशबीशी बी फोडत म्हणाले. "गळतं तेच भोक बुजवावं. दुसरं बुजवलं की पाणी शेजाऱ्याकडे जातं."


०.८५ व्होल्ट

सुहैला तिशीची, डोक्यावर मोरपंखी रुमाल, कपाळावर आठी. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यात तिचा कप, चप्पल आणि कोरफडीची कुंडी आधीच भरून ठेवलेली.

"अटक करायला आलात का, उस्ताद?"

"बसायला आलोय. जिने चढून आलो. तुमची लिफ्ट बंद पडलीय, तीही तुम्हीच पाडली का?"

ती हसली नाही, पण आठी जरा सैल झाली.

"हा मापक काय करतो? मला सांगा. समजा मी तुमचा मठ्ठ मामा आहे."

"बरं, मामा. चिपमध्ये एक ठोका पडतो. ठोका पडला की निरोप एका टोकाहून निघतो आणि पुढच्या ठोक्याच्या आत दुसऱ्या टोकाला पोचावा लागतो. व्होल्ट कमी दिले की बॅटरी वाचते, पण निरोप्या रेंगाळतो. फारच कमी दिले तर तो पोचायच्या आत ठोका पडतो, आणि सगळा गोंधळ. चिप लटकते. वीज बंद करून चालू केली की उठते."

"आणि किती कमी द्यायचे ते कोण ठरवतं?"

"माझा मापक. तो आपल्यापाशीच एक छोटा निरोप्या गोलगोल पळवतो. तो लवकर परतला, तर व्होल्ट आणखी उतरवा. दमून आला, तर चढवा."

"म्हणजे नोकर धापा टाकेपर्यंत पगार कापायचा."

"तुम्ही मालकांचे वकील शोभता."

"आणि धापा ऐकायला तुम्ही माणूस बसवलाय. मग त्यानं ऐकल्या का नाहीत?"

सुहैलानं कुंडीतलं एक वाळकं टोक खुडलं. "तोच तर काटा रुतलाय. चिप मेली त्या क्षणापर्यंत मापक म्हणत होता, सगळं मजेत आहे, अजून उतरवा. दोक्तोर म्हणतात मापक खोटारडा. मी म्हणते तो खरं बोलतोय, फक्त... माहीत नाही."

"राहतो कुठं तो?"

"कोपऱ्यात. मी मध्ये जागा मागितली होती, जिथं खरे निरोप पळतात तिथं. दोक्तोर म्हणाले, मधली जागा सोन्याच्या भावाची, तिथं चौकीदार नकोत. वीज आत घेणाऱ्या ठोकळ्याशेजारी एक सांदी उरली होती, तिथं ढकललं त्याला."

"शेजार कसा?" गळतीच्या खटल्यात बिशबीशी हा प्रश्न कधी चुकवत नसत.

"उबदार. सगळी वीज तिथूनच आत शिरते."

"तुम्ही एकट्या असताना चिप मरते?"

"एकदाही नाही. म्हणून तर मागून मला जादूगारीण म्हणतात." मग जरा ओशाळून, "एक सांगू? मी जुना पिवळा दिवा अगदी तिच्यावर ओढून काम करते. दोक्तोरांना चालत नाही, म्हणतात चिप तापते. पाहुणे आले की ते दिवा कपाटात टाकतात आणि मला खाली पाठवतात, पाहुण्यांना घेऊन यायला. मी वर येते तेव्हा सगळं कसं लख्ख मांडलेलं असतं. आणि मग ती मरते."


०.८० व्होल्ट

"मीच केलं," शाकेर म्हणाला.

शाकेर फव्वाझ चाचणीच्या खोलीचा प्रमुख इंजिनिअर, म्हणजे सगळ्यांचा 'बाशमुहंदिस'. गोल चेहरा, गोल चष्मा, शर्टावर तिळाचे दाणे. बिशबीशींनी अजून काही विचारलंही नव्हतं.

"काय केलंत, बाशमुहंदिस?"

"ताअमेया. सकाळी गाडीवरून हे वडे गरमागरम घेतो, रोटीसकट कागदात गुंडाळलेले. टेबलावर तारांचं जंगल. सपाट जागा एकच, चिपवरचा पत्रा. त्यावर ठेवतो पुडकं. रोज! दोक्तोरांना कळलं तर मला चौथ्या मजल्यावरून खाली सोडतील."

"पाहुणे आले त्या दिवशीपण ठेवलं होतं?"

"छे, त्या दिवशी दोक्तोर सकाळपासून टेबलाशी उभे असतात. पुडकं खिशात घेऊन फिरलो मी. पँट तेलकट झाली, बायकोनं काय काय ऐकवलं ते विचारू नका."

"आणि ज्या दिवशी ठेवता, त्या दिवशी चिप काय म्हणते?"

शाकेरनं शर्टावरचे तीळ झटकले. "काहीच नाही. गरीब बिचारी. सुहैलापेक्षा मायाळू आहे ती माझ्याशी."

"आज आणलेत?"

"तीन."

"एक पुरावा म्हणून जप्त," बिशबीशींनी हात पुढे केला.


०.७५ व्होल्ट

— नाव?

— चाळीस वर्षं ओळखता मला, बिशबीशी. तुमच्या लग्नात नाचले होते मी.

— खटल्यात ओळख चालत नाही, मादाम इनायात. काम?

— ऑफिस चालवते. दोक्तोरांना वाटतं ते चालवतात.

— सुहैलाबद्दल काय मत?

— तोंडाची तिखट, कामाची सोनं. तिला काढलंत तर तुमच्या बायकोला फोन करीन.

— काय सांगाल?

— सुचेल काहीतरी.

— तुमचा काही गुन्हा?

— ... दार लावा आधी.

— लावलं.

— एसी मी बंद करते. दोक्तोर जेवायला गेले की रोज. माझा हा खांदा बघा, दगड झालाय गारठ्यानं. रिमोट पर्समध्ये असतो माझ्या. सगळे म्हणतात रिमोट हरवतो. हरवत नाही, माझ्यापाशी असतो.

— आणि पाहुण्यांच्या दिवशी?

— त्या दिवशी ते पर्ससुद्धा तपासतात हो! आता विश्वास म्हणून राहिला नाही माणसात.


०.७० व्होल्ट

बाल्कनीत उभं राहून जप्त केलेला पुरावा खाता खाता उस्ताद बिशबीशींना एकदम घास अडकला, कारण तीन माणसांनी तीन गुन्हे कबूल केले होते आणि तिन्ही गुन्हे घडत असताना मयत ठणठणीत जिवंत होती.


०.६५ व्होल्ट

गुरुवारी दुपारी चाचणीच्या खोलीत सगळे जमले. अलेक्झांड्रियाला फोन लागायला तासभर होता. सुहैला खोकं बगलेत धरूनच उभी होती.

मधोमध टेबलावर चिप चालू होती. माइकमध्ये बोललं की आवाज चिपमधून जाऊन स्पीकरमधून बाहेर पडे. बाजूच्या पडद्यावर व्होल्टचा आकडा हळूहळू उतरत होता.

"नाव सांगा," दोक्तोर म्हणाले.

"सांगतो. आधी गळतीचं ऐका. गळतीच्या खटल्यात सगळे विचारतात, पाणी कधी गळतं? मी विचारतो, कधी गळत नाही?" बिशबीशींनी पोटावर हात बांधले. "या घरात प्रत्येकजण चोरून काहीतरी करतो. एकजण दिवा ओढून घेतं. एकजण पत्र्यावर काहीतरी गरम ठेवतं. एकजण एसी बंद करतं."

तिघांनी तीन दिशांना पाहिलं.

"हे!" दोक्तोर ओरडले. "हाच घातपात! चिप भाजली यांनी!"

"पण हे चालू असताना ती मेली नाही ना, दोक्तोर. ती मरते तेव्हा यातलं काहीही नसतं. दिवा कपाटात, टेबल स्वच्छ, सगळे सरळ वागणारे. पाहुणे येतात त्या दिवशी या खोलीतली ऊब उचलली जाते आणि एकच नवी वस्तू आत येते. ती तुमच्याच हातून येते. मला पहिल्याच भेटीत तुम्ही अभिमानानं सांगितलंत, आणि मी मूर्ख, मला फक्त भूक लागली."

"कुठली वस्तू?" सुहैलानं विचारलं.

"मुलुखिया."



"मुलुखिया?" सुहैलाचं खोकं टेबलावर आदळलं. "माझ्या चिपवर तुम्ही मुलुखिया ठेवलीत?"

"गोठलेली! फडक्यात!" दोक्तोरांचा चेहरा लालबुंद झाला. "शाकेर दर वेळी बघतो, त्याला विचार!"

"मला वाटलं तशी पद्धत आहे," शाकेर पुटपुटला. "परदेशात वगैरे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी, चिपवर भाजी आहे का म्हणून?"

"आणि ठेवली तर बिघडलं काय?" दोक्तोर आता जणू फळ्यासमोर उभे होते. "वीस वर्षं शिकवलंय मी. चिप तापली की मंदावते, गार केली की धावते. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा सांगेल!"

सुहैला त्यांच्याकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली, "दोक्तोर, तेव्हा तुमच्या चिपला किती व्होल्ट द्यायचात?"




०.६० व्होल्ट

"सिद्ध करतो," दोक्तोर म्हणाले. फ्रिजपर्यंत गेले, पाकीट घेऊन आले, फडक्यात गुंडाळलं आणि सगळ्यांदेखत चिपच्या पत्र्यावर मधोमध ठेवलं. "आता बघा कशी धावते. कुणीतरी बोला."

"काय बोलू?" माइक मादाम इनायातांच्या हातात होता.

"काहीही!"

"मग मुलुखियाचीच कृती सांगते. या घरात कुणाला धड येत नाही."


०.५५ व्होल्ट

"कोंबडीचा रस्सा गाळून घ्यायचा. उकळी आली की मुलुखिया सोडायची. दुसरीकडे लसूण ठेचायचा, धने घालायचे, तुपात लाल होऊ द्यायचे, आणि तो करपायच्या आत आत रश्श्यात ओतायचा आणि झा कण अजि बा त ठे वा य चं ना ही ना त र भा जी त ळा

शी


ब


०.९० व्होल्ट

वीज बंद करून पुन्हा चालू केल्यावर चिप उठली. कानांवरचे हात सगळ्यांनी खाली घेतले. फक्त दोक्तोरांचे तसेच होते.

पडद्यावर मापकाचा शेवटचा निरोप अजून दिसत होता: सगळं मजेत, अजून उतरवा.

"मला कळलं असं वाटतंय," बिशबीशी म्हणाले. "पण तुम्ही सांगा, भाचीबाई."

सुहैलानं पाकीट दोन बोटांनी उचलून शाकेरच्या हातात दिलं. "भरपूर व्होल्ट असताना दोक्तोर म्हणतात तेच खरं. उष्णतेनं चिप मंदावते. पण इतक्या कमी व्होल्टवर उलटं होतं. थंडीत आतले खटके उघडायलाच तयार नसतात, जानेवारीत पांघरूण सोडायला नको वाटतं ना तसे. जरा ऊब मिळाली की चटकन उघडतात. हे मला माहीत होतं. नुसत्या एसीनं मी घाबरले नसते. सगळी खोली गार झाली की मापकही गारठतो, तोही मंदावतो आणि व्होल्ट चढवा म्हणून ओरडतो. पण बर्फ फक्त मधोमध ठेवला..."

"तर मधले निरोपे गारठले," बिशबीशींनी वाक्य उचललं, "आणि चौकीदार विजेच्या ठोकळ्याला पाठ लावून ऊब खात बसला. माझ्या प्रत्येक खटल्यात हा माणूस असतो! पाचव्या मजल्यावर छत कोसळलेलं असतं, कोर्ट इमारतीच्या बव्वाबला, म्हणजे दरवानाला, साक्षीला बोलावतं आणि तो शपथेवर सांगतो, साहेब, खाली माझ्या खोलीत सगळं कोरडं आहे. खोटं बोलत नाही तो. त्याची खोली कोरडीच असते."

"फरक थोडासाच पडतो," सुहैला म्हणाली. "पण आपण व्होल्ट अगदी काठावर आणून ठेवतो. त्यात माझा मापक साध्या खटक्यांचा, आणि खरे निरोप अवघड खटक्यांतून जातात, त्यांना थंडी जास्त बाधते. तेवढी माझी चूक. माझ्या मापकाची नाही, मी एकच आणि तसला बनवला त्याची. आणि कानाचं मशीन तर हिवाळ्यात लोक घालून हिंडणारच. एका कानाला वारा, दुसरा रुमालात. ही चिप अशीच गेली तर रस्त्यात कुणाच्या तरी कानात असं किंचाळेल."

दोक्तोरांनी हात खाली घेतले. क्षणभर बिशबीशींना त्यांची दया आली. इमारतीतली पाण्याची टाकी स्वतः दुरुस्त करायला गेलेल्या आणि सगळ्या मजल्यांवर पूर आणलेल्या एका भल्या माणसाचा चेहरा त्यांनी असाच पाहिला होता.

"म्हणजे," दोक्तोर घसा खाकरून म्हणाले, "तत्त्वतः, मापक काढायची गरज नाही."

"काढायचा नाही. वाढवायचेत," सुहैला म्हणाली. "एक कोपऱ्यात राहू दे. बाकीचे छोटे, खऱ्या निरोपांच्या वाटेवरच, शेवटच्या टप्प्याशी. नकली निरोप्या पळवायचाच नाही. खरा कितीला पोचला तेवढं बघायचं. आणि जो सगळ्यात दमलेला, त्याचं ऐकायचं."

"किती?"

"आठ."

"दोन."

"दोक्तोर, हा भाजीबाजार नाही."

"तीन. आणि तू मला शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीही राबवणार आहेस हे मला दिसतंय."

"आठ. तीन ठेवले तर कुठले पाच निरोप मेले तरी चालतील ते तुम्ही सांगा."

दोक्तोरांनी बिशबीशींकडे पाहिलं. बिशबीशी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या एका अत्यंत सामान्य मोटारीकडे फार लक्ष देऊन बघू लागले.

"तैवानला फोन लाव," दोक्तोर म्हणाले. "म्हणावं, आराखडा रविवारी येईल."

"मी कशी लावू? माझा करार आज संपतोय."

"माझा आवाज त्यांना आवडत नाही!" मग खाली बघत, "मादाम इनायात, तिचा करार... ते काय असतं ते करा. लांब मुदतीचं करा."

"आणि अलेक्झांड्रिया?" शाकेरनं विचारलं. पाकीट त्याच्या हातात वितळू लागलं होतं.

"त्यांना मी सांगतो. कारण सापडलं म्हणून."

"काय कारण सांगणार?" मादाम इनायातांना राहवेना.

दोक्तोरांनी शाकेरच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "खरं," ते म्हणाले. "त्यांच्याही घरी सासूबाई असतील."

सुहैला पडद्यासमोर बसली आणि तिनं आराखडा उघडला. रंगीत ठोकळ्यांचं एक दाट शहर पसरलं, वरून विमानातून दिसावं तसं. मधोमध एक मोठा निळा ठोकळा होता. ती त्याच्यावर थांबली.

"वाट इथूनच जाते," ती म्हणाली. "जागा याच्याकडूनच घ्यावी लागेल."

बिशबीशींना निळ्यात आणि हिरव्यात काही फरक कळत नव्हता, पण शाकेरनं श्वास रोखलेला त्यांना ऐकू आला.

"कुणाचा आहे तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोक्तोरांचा. तरुणपणी हातानं काढलेला. प्रत्येक चिपमध्ये तसाच घेतात, कुणी हात लावायचा नाही," शाकेर कुजबुजला.

सुहैलानं मागं वळून पाहिलं. दोक्तोर तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि वाकून पडद्याकडे बघितलं.

"डावीकडे," ते म्हणाले. "डावीकडच्या तारा मी तेव्हा जरा जास्तच ऐसपैस काढल्या होत्या."

तिनं ठोकळा पकडला.

"हळू," दोक्तोर म्हणाले. "हळू सरकव."